हार्मोनियमवादन, प्रारंभिक

हार्मोनियमवादन, प्रारंभिक : एका हाताने भाता चालवून हवेचा दाब निर्माण करणे आणि त्या दाबाने कंप पावणाऱ्या धातूच्या जिभांतून दुसऱ्या हाताच्या बोटांनी इष्ट स्वर काढणे, या दुहेरी कौशल्याचे पहिल्या एकदोन वर्षांतील शिक्षण. महाराष्ट्रात या वाद्यास ‘पेटी’ किंवा ‘बाजाची पेटी’ असे म्हणतात. पायाने भाता चालवावयाच्या प्रकारास पायपेटी व हाताने चालवावयाच्या प्रकारास हातपेटी अशी नावे रूढ आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे हातपेटीचा आणि नागपूर व विदर्भ या भागांतील तिच्या शिक्षणाचा विचार केला आहे.

नागपूरच्या संगीतजीवनात पेटीचे स्थान फार व्यापक आहे. ताजुद्दीन बाबांच्या (१८६१–१९२५) ताजबाग येथील दर्ग्यातील कव्वाली, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विशेष बहरलेली भीमगीते, वस्त्यावस्त्यांतील भजनी मंडळे, कीर्तन आणि रागसंगीताच्या मैफली या सर्वांत पेटी असते. पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धानाचे पीक हाती आल्यावर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्र रात्र चालणाऱ्या या नाटकांतील गाण्यांचा भार पेटी वा ऑर्गन वाजविणाऱ्यावर असतो. त्यामुळे या भागातील नवशिका पेटीपुढे बसतो, तेव्हा त्याचा कान कोरा नसतो. कितीतरी चाली त्याला आधीच पाठ असतात. हा लाभ खरा. पण पहिली अडचणही त्यातूनच उद्भवते. पाठ असलेली चाल लवकर निघावी या ओढीने तो पट्ट्यांकडे धावतो आणि भाता मागे राहतो. पेटी शिकणे म्हणजे पट्ट्या शिकणे होय, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे.

भात्याचे महत्त्व : भात्यावर चालणाऱ्या अन्य वाद्यांशी तुलना केल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. आयर्लंडमधील ‘इलन पाइप’ हे मशकवाद्य या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अठराव्या शतकात आकारास आलेल्या या वाद्याच्या नावातील ‘इलन’ या आयरिश शब्दाचा अर्थ कोपर असा आहे. वादक बसून एका कोपराखालील भाता दाबतो. त्यातील हवा दुसऱ्या काखेतील कातडी पिशवीत जाते आणि त्या पिशवीवर दिलेल्या दाबाने वेताच्या जिभा बोलू लागतात. तोंडाने फुंकावयाचे नसल्यामुळे जिभांना कोरडी हवा मिळते. या वाद्यात दाब वाढला, की स्वर वरच्या सप्तकात उडी घेतो आणि दाब अपुरा पडला, की तो डळमळतो. म्हणून नवशिक्याच्या हाती प्रथम भाता, पिशवी व एकच स्वरनळी एवढाच संच देतात. सतत घुमणाऱ्या आधारस्वराच्या नळ्या दाब स्थिर झाल्यावर जोडल्या जातात. २०१७ मध्ये यूनेस्कोने या वादनपरंपरेची नोंद मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

पेटीत पिशवीचे काम आतला भाता करतो. फरक असा, की मशकवाद्यात पिशवीवरचा दाब वादकाच्या हाताचा असतो, तर पेटीत तो आतल्या भात्याला लावलेल्या स्प्रिंगांचा असतो. बाहेरचा भाता थोडा वेडावाकडा चालला, तरी स्प्रिंगा दाब सावरून घेतात आणि स्वर चालू राहतो. आयरिश वाद्य नवशिक्याची चूक तत्काळ चव्हाट्यावर आणते. पेटी ती झाकते. स्वर तुटत नाही, उडत नाही, फक्त प्रत्येक हिसक्यासरशी फुगतो आणि ओसरतो. दाब फार वाढल्यास, विशेषतः खर्जातील स्वर, किंचित उतरतोही. शिकणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, कारण त्याचे चित्त बोटांवर असते. अशी फुगरी सवय दोन वर्षे मुरली, तर पुढे ती मोडणे फार अवघड जाते. म्हणून पेटी हे सोपे वाद्य आहे, असे म्हणण्यापेक्षा तिचा आरंभ सोपा आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

रचना : दाबलेल्या हवेने मोकळी जीभ कंपित करण्याचे तत्त्व चीनमधील शंग या प्राचीन वाद्यात आढळते. यूरोपात या तत्त्वावर अनेक प्रयोग झाले व पॅरिस येथील अलेक्सांद्र दबँ याने १८४० नंतरच्या सुमारास आपल्या वाद्यास हार्मोनियम हे नाव दिले. यूरोपीय वाद्य पायाने चालविण्याचे व खुर्चीवर बसून वाजविण्याचे होते. जमिनीवर बसून गाणाऱ्यांच्या सोयीची हातपेटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये घडली. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांचे नाव तिच्याशी विशेषेकरून जोडले जाते.

हातपेटीच्या मागील बाजूस बाहेरचा भाता असतो. तो दाबला असता हवा चामड्याच्या झडपेतून आतल्या भात्यात जाते. उघडताना झडप मिटते, म्हणून आत गेलेली हवा मागे फिरत नाही. आतल्या भात्यावरील स्प्रिंगा ही हवा सुरांच्या फळीकडे लोटतात. फळीवर पितळी पट्ट्यांत बसविलेल्या जिभा असतात. ‘रीड’ या नावानेही ओळखली जाणारी ही जीभ एका टोकाशी पक्की व दुसऱ्या टोकाशी मोकळी असते. तिची लांबी व जाडी यांवर स्वराची उंची ठरते. मोकळ्या टोकाशी कानस फिरवून धातू कमी केला, तर स्वर चढतो. मुळाशी कमी केला, तर तो उतरतो. सौराष्ट्रातील पालिताणा येथील कारागिरांचे सूर प्रसिद्ध आहेत. पेटीत सुरांच्या एक, दोन वा तीन रांगा असतात आणि त्यांना खर्ज, नर, मादी अशी नावे आहेत. पट्ट्या सामान्यतः ३९ किंवा ४२ असतात, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन सप्तके. नवशिक्यास नर व खर्ज अशा दोन रांगांची साधी पेटी पुरेशी होते. पट्ट्यांची चौकट सरकवून पट्टी बदलण्याची सोय असलेली पेटी मोठ्या वादकास प्रवासात उपयोगी असली, तरी शिकणाऱ्यास ती अपायकारकच ठरते; कारण तीमुळे वेगवेगळ्या पट्टीतून बोटे फिरविण्याचे कष्ट टळतात आणि ते कष्ट हेच शिक्षण होय.

पहिले धडे : पेटी जमिनीवर ठेवून मांडी घालून बसावे, पाठ ताठ परंतु सैल असावी. पेटी किंचित तिरपी ठेवल्यास डाव्या हाताला भात्यापर्यंत ताण न घेता पोचता येते. भाता चालविण्यापूर्वी पुढील खुंट्यांपैकी किमान एक ओढलेली असावी. सर्व वाटा बंद असताना भाता जोराने दाबला, तर चामडे किंवा सांधे फाटण्याचा धोका असतो. भाता खांद्याने ढकलावयाचा नसतो. मनगट सैल ठेवून बोटांच्या आधाराने तो उघडावा व तळव्याने मिटावा. उघडण्याची क्रिया चपळ व मिटण्याची क्रिया संथ असावी, कारण हवा भरते ती मिटताना. उघडण्यात वेळ गेला, तर तेवढा काळ आतला भाता रिता होत राहतो.

पहिला पाठ एकाच स्वराचा. मध्य षड्‌जाची पट्टी दाबून धरावी आणि तानपुऱ्याच्या सुरात तो षड्‌ज अखंड चालू ठेवावा. भाता केव्हा उघडला व केव्हा मिटला, हे डोळे मिटून ऐकणाऱ्याला कळता कामा नये, ही त्याची कसोटी. हा पाठ साधावयास काहींना आठवडा लागतो, काहींना दोन महिने. तो साधल्यावर त्याच स्वरावर आवाज हळूहळू वाढविणे व तितक्याच हळू उतरविणे यांचा अभ्यास येतो. पुढे गायकाची साथ करताना हीच गोष्ट कामी येते. गाणारा जेथे दम घेतो, तेथे पेटीचा श्वासही हलका व्हावा लागतो. तानेच्या अखेरीस आवाज मोठा होऊन चालत नाही. जुने वादक ‘पेटी गाते की ओरडते’ हे डाव्या हातावरून ओळखतात, ते यामुळेच.

षड्‌जानंतर षड्‌ज-पंचम, मग आरोह-अवरोह व सारेग-रेगम या पद्धतीचे अलंकार. उजव्या हाताच्या बोटांचा क्रम ठरवून घेणे अवश्य असते. पांढरी एकमधून बिलावल थाटाचे स्वर वाजवताना सा-रे-ग हे अंगठा, तर्जनी व मधले बोट यांनी घेतल्यावर अंगठा खालून सरकवून मध्यमावर आणावयाचा व तेथून पुढील चार स्वर घ्यावयाचे, ही एक प्रचलित रीत आहे. केवळ तर्जनी व मधले बोट यांवर सारे निभावून नेणारे वादक खेडोपाडी पुष्कळ आढळतात व त्यांपैकी काहींचा हात विलक्षण तयार असतो. तथापि नवशिक्याने त्यांचे अनुकरण करू नये, कारण द्रुत लयीत ही रीत बहुतेकांना अडवते. दोन स्वरांच्या मध्ये फट राहू नये म्हणून पुढची पट्टी दाबेपर्यंत मागची सोडावयाची नसते. पेटीवर मींड निघत नाही. तिचा भास पुढच्या स्वराला मागच्या स्वराचा निसटता कण लावून निर्माण करावा लागतो आणि तो कण किती निसटता असावा, हे सांगून कळत नाही. त्यासाठी गाणेच ऐकावे लागते.

कोणत्या पट्टीत शिकावे, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. पांढरी एक बोटांना सोपी जाते म्हणून आरंभ तेथून करतात. परंतु शिकणाऱ्याचा स्वतःचा आवाज ज्या पट्टीत लागतो, त्या पट्टीतही लवकरच वाजवावयास लागावे. पुरुष गायक पुष्कळदा काळी एक वा काळी दोन, तर स्त्रिया काळी चार वा काळी पाच या पट्टीत गातात, आणि साथीस बसणाऱ्याला पट्टी निवडण्याचे स्वातंत्र्य नसते.

कानाचा प्रश्न : प्रारंभिक शिक्षणात खरोखर वादग्रस्त असलेला मुद्दा हा होय. पेटीचे सूर समान अंतराच्या स्वरग्रामात लावलेले असतात. सप्तकाचे १,२०० सेंट मानले, तर प्रत्येक लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटांचे अंतर असते. तानपुऱ्याच्या षड्‌जाशी सुसंवादी असा शुद्ध गंधार सुमारे ३८६ सेंटांवर येतो, पेटीचा गंधार मात्र ४०० वर असतो. धैवत ८८४ ऐवजी ९००, निषाद १,०८८ ऐवजी १,१००. पंचमातील तफावत अवघी २ सेंटांची, म्हणून ती कुणाला जाणवत नाही. चढा गंधार मात्र तयार कानाला खुपतो. शिवाय रागारागांत एकाच स्वराची जागा बदलते; ती पेटीत एकच आहे (⟶ श्रुति). ज्या मुलाने स्वर प्रथम पेटीवरच ऐकला, त्याचा गंधार आयुष्यभर चढाच राहील, अशी भीती अनेक गायकांनी व्यक्त केली आहे.

हा आक्षेप केवळ पुस्तकी राहिला नाही. मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी करण्यात आली. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, ते या बंदीच्या काळातच. म्हणजे गल्लोगल्ली पेटी वाजणाऱ्या या शहराच्या केंद्रावरून पहिली वीसहून अधिक वर्षे पेटी ऐकू आली नाही. सारंगी व व्हायोलिन यांना साथीचे स्थान मिळाले. १९७० नंतरच्या काळात ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. साथीला आधी मुभा मिळाली, स्वतंत्र वादनाला पुष्कळ उशिरा.

पेटी सुधारण्याचे प्रयत्नही झाले. कृष्णाजी बल्लाळ देवल व ई. क्लेमेंट्स यांनी १९१० च्या सुमारास श्रुतींची पेटी घडविण्याचा उद्योग केला. अलीकडे विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी तयार केली आहे. नवशिक्याच्या दृष्टीने मात्र या वाद्यांचा उपयोग मर्यादित आहे. कोणती श्रुती हवी, हे ज्याला ऐकून कळते, त्यालाच ती निवडता येते.

दुसऱ्या बाजूस महाराष्ट्रातील मोठ्या वादकांचे उदाहरण आहे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीला संगीत नाटकात व मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे मधुकर पेडणेकर ऊर्फ पी. मधुकर, आप्पा जळगावकर (१९२२–२००९) व तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनी साथ आणि स्वतंत्र वादन या दोन्ही अंगांनी ती वाढविली. या वादकांचा कान बिघडला होता, असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी पेटीवरून गाणे शिकले नाही, तर गाण्यावरून पेटी वाजविली. भेद येथे आहे. म्हणून जाणते शिक्षक पहिल्या दिवसापासून तानपुरा लावून ठेवतात, प्रत्येक अलंकार आधी गळ्याने म्हणून घेतात व मगच पट्टीला हात लावू देतात. काही जण आठवड्यातून एक पाठ पेटी बंद ठेवूनच घेतात. विद्यार्थी यावर कुरकुरतात. परंतु पेटीचा दोष मुलाच्या गळ्यात उतरू न देण्याचा याहून खात्रीचा उपाय आढळलेला नाही.

शिक्षणाच्या दोन वाटा : विदर्भात पेटी दोन रीतींनी शिकली जाते. पहिली मंडळाची. भजनी मंडळाची पेटी ही सामाईक मालमत्ता असते आणि शिकू इच्छिणारा मुलगा प्रथम झांज धरून वाजविणाऱ्याच्या शेजारी बसतो. वादक पाणी प्यायला उठला, की त्याच्या हाती पेटी येते. स्वरलेखन नाही, अलंकार नाहीत. चाल आणि ठेका यांवर सारे चालते. या वाटेने आलेल्याचा हात धीट असतो, लय पक्की असते आणि गाणारा चुकला तरी त्याला सांभाळून घेण्याची हुशारी त्याच्यात असते. मोकळ्या मैदानात, झांज-ढोलकीच्या कल्लोळात आवाज पोचविण्यासाठी भाता मात्र जोराने मारावा लागतो व तीच सवय लागते. घरी स्वतःची पेटी नसल्याने सरावाचा वेळही मंडळाच्या बैठकीपुरताच मिळतो. अनेक होतकरू मुलांचे शिक्षण येथेच थांबते.

दुसरी वाट विद्यालयाची. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले. त्याच्या परीक्षांत प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद असा क्रम असून हार्मोनियम हाही विषय आहे. नागपुरातील संगीतवर्गांत या परीक्षांना बसणारे विद्यार्थी पुष्कळ. या वाटेने थाट, राग, ताल यांचे ज्ञान व्यवस्थित मिळते, भूप वा दुर्गा यांसारखा पाच स्वरांचा राग आरंभी हाती येतो. उणीव अशी, की परीक्षेत ठरलेली गत ठरल्याप्रमाणे वाजविली की काम भागते. समोर कोणी वेगळे गाऊ लागला, की परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी गोंधळतो. झाडीपट्टीच्या नाटकात नट ऐन वेळी पट्टी चढवून गाऊ लागला, तर तेथे वहीचा उपयोग नाही. दोन्ही वाटांचा अनुभव घेतलेले वादक थोडे आहेत, पण तेच सर्वांत उपयोगी पडतात, असे या भागातील अनुभवावरून दिसते.

वाद्याची निगा : नागपूरचे हवामान पेटीला कठोर आहे. मे महिन्यात तापमान ४५° से. च्या पुढे जाते व हवा अत्यंत कोरडी होते. लाकूड आकसून फळीच्या सांध्यांत बारीक फटी पडतात, भात्याचे चामडे ताठरते आणि हवा गळू लागते. पट्टी न दाबताही एखादा सूर वाजत राहिला, तर पट्टीखालची झडप नीट बसत नाही असे समजावे. त्यानंतर लगेच जूनमध्ये पावसाळी दमटपणा येतो. लाकूड फुगते व पट्ट्या अडकतात. आयरिश वाद्यातील वेताच्या जिभा असल्या कोरड्या हवेत वारंवार दुरुस्त कराव्या लागतात. पेटीच्या धातूच्या जिभांना तो त्रास नाही. त्यांचे शत्रू धूळ आणि गंज. उन्हाळ्यात पेटी खिडकीपासून व कूलरच्या झोतापासून दूर, कापडात गुंडाळून ठेवावी. कूलरच्या ओल्या हवेने वाद्य सुरक्षित राहते, ही समजूत खरी नाही. दिवसा ओल व रात्री कोरडेपणा या फेऱ्याने सांधे अधिकच लवकर सुटतात. वाजवून झाल्यावर भाता मिटून त्याचा अडसर लावावा आणि खुंट्या आत ढकलून ठेवाव्यात, म्हणजे जिभांवर धूळ बसत नाही. एखादा सूर घुसमटला, तर बहुधा जिभेत धुळीचा कण अडकलेला असतो. पातळ कागदाची कड जिभेखालून हलकेच फिरवून तो काढता येतो. सूर उतरला वा चढला असेल, तर मात्र कानस घरी चालवू नये. एकदा खरवडलेला धातू परत येत नाही, आणि त्या सुराची जीभ बदलण्यास कारागिराकडेच जावे लागते.